'ॲना कॅरेनिना' वाचताना: शेतीची पानं गाळावीत का, आणि ॲनाचा राग येतो त्याचं काय करावं?

प्रश्न: मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत नोकरीला आहे. घरची शेती भोगावतीकाठी, ती वडील बघतात. टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' इंग्रजीतून वाचायला घेतलीय आणि तिसऱ्या भागात अडकलोय. गोष्ट ॲनाची, आणि लेखक गवत कापत बसलाय. आमच्या घरी जन्मभर तेच बघितलं, ते परत पुस्तकात कशाला वाचू? ही पानं गाळली तर चालतील का? दुसरं, मला ॲनाचा राग येतो. नवरा कामाचा माणूस, पोरगं लहान, आणि ही असं वागते. एवढ्या गाजलेल्या नायिकेचा राग येतोय म्हणजे माझं वाचायचंच चुकतंय का? नावांचा गोंधळ होतो तो वेगळाच. आणि शेवट तर आधीच ठाऊक झालाय, मग एवढं जाडजूड पुस्तक पुरं कशासाठी करायचं?

उत्तर:

गाळू नका. 'थोर लेखक आहे, सगळं वाचलंच पाहिजे' असल्या धाकानं मी हे सांगत नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर राजारामपुरीत घरीच रविवारचा एक वाचनगट चालवते. या कादंबरीचे वाचक तिसऱ्या भागाशी येऊन कशी बसकण मारतात, हे मला पाठ झालंय. गंमत म्हणजे तिथून पुढं सरकलेली माणसं नंतर महिनाभर त्याच पानांवर बोलत बसतात.

तुम्ही ती पानं 'शेतीचं वर्णन' म्हणून वाचलीत. एकदा त्यातल्या माणसांकडं बघून वाचा. तिसऱ्या भागाचं चौथं प्रकरण काढा. लेविन जमीनदार आहे, स्वतःच्या मजुरांबरोबर कापणीला उतरलाय. बेचाळीस माणसं एकामागं एक, प्रत्येकाची आपली पात. हत्यार आपल्या विळ्यासारखं वाकून चालवायचं नाही, लांब दांड्याचं आहे, उभ्यानं झोकत जायचं. लेविनच्या पुढं तित नावाचा मजूर. पहिल्याच पातीत लेविनचा दम निघतो. आता थांबायला सांगावं असं त्याच्या मनात येतं, तेवढ्यात तित आपणहून थांबतो, मूठभर गवतानं पातं पुसतो आणि धार लावायला लागतो. पुन्हा निघतात. पुन्हा लेविनचे हात गळतात, आणि पुन्हा नेमकी त्याच वेळी तितला धार लावायची आठवण होते.

आमच्या गटात पन्हाळ्याकडचे एक शेतकरी काका येतात. ते हे ऐकून हसायला लागले. म्हणाले, "मॅडम, धार कुठली लावतोय तो! मालकाला दम लागलाय हे त्यानं मागं न बघता ओळखलंय. मालकाची लाज जाऊ नये म्हणून धारेचं निमित्त." पुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नाही. टॉलस्टॉय फक्त तित थांबला एवढंच सांगतो. पण ज्यानं भात कापलंय, ज्यानं टोळीबरोबर ऊस तोडलाय, त्याला ते दिसतं. तुम्हालाही दिसलं असतं, पण 'हे आपल्या घरचंच' म्हणून तुम्ही डोळे पुढं पळवलेत. घरी बघितलेलं आहे म्हणूनच तर ही पानं तुमची आहेत. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून वाचणाऱ्याला तळटिपा लागतात, तुम्हाला लागायच्या नाहीत.

पुढच्या प्रकरणात दुपारचं बघा. म्हातारा मजूर लेविनला पत्र्याच्या भांड्यातून पाणी देतो. पाणी कोमट, त्यात पाला तरंगतोय, पत्र्याच्या गंजाची चव लागतेय, आणि त्यासारखं पाणी आपण कधी प्यालो नाही असं लेविनला वाटतं. तोच म्हातारा कापता कापता वाटेत अळिंबी दिसली की वाकून खुडतो आणि सदऱ्यात टाकतो, म्हातारीला घरी न्यायला म्हणून. आणखी एक गोष्ट टॉलस्टॉयनं तिथंच पकडलीय. लेविन भान विसरून कापतो तेव्हा पात सरळ जाते. 'मी कसं कापतोय' असा विचार डोक्यात आला की लगेच वाकडी होते. हे वाक्य वाचून आमच्यातल्या एकीनं पुस्तक मिटलं आणि भाकरी थापण्याबद्दल पंधरा मिनिटं बोलली. बोललेलं सगळं खरं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे एक दृश्य झालं, पण पुढं तो माणूस शेतीचं अर्थशास्त्रच काढून बसतो. बसतो खरा. पण काळ लक्षात घ्या. रशियात भूदासांची मुक्तता 1861 साली झाली आणि ही कादंबरी 1870 च्या दशकात घडते. कालपर्यंत वेठीला बांधलेला माणूस आज रोजंदारीवर आलाय. मालकाला नवीन यंत्रं आणायची आहेत, मजुराला जुनंच बरं वाटतंय, दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही. लेविनची तीन चांगली वासरं दगावतात, पाणी न पाजता कोवळ्या क्लोव्हरच्या चाऱ्यात सोडली म्हणून. तुमच्या गोठ्यात जनावरं असतील तर पोटफुगी म्हणजे काय हे मी सांगायला नको. मजूर मात्र चाऱ्यानं असं झालं हे मानायलाच तयार नाहीत. उलट मालकाचं समाधान म्हणून सांगतात की शेजाऱ्याची तर तीन दिवसांत एकशे बारा जनावरं गेली! हा संवाद कुठल्याही दूध संस्थेच्या दारात रोज सकाळी ऐकायला मिळेल. पुढं लेविन मजुरांना नफ्यात वाटा द्यायचं ठरवतो, आपल्याकडच्या अर्धलीच्या जवळ जाणारं काहीतरी. ते ऐकून मजूर मनात एकच धरून बसतात: मालक आपल्याला नव्या पद्धतीनं गंडवणार. हे वडिलांना सांगून बघा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

याच भागाच्या शेवटाकडं जमीनदारांच्या आपसातल्या चर्चा आहेत, स्वियाझ्स्कीच्या घरच्या. त्या भरभर चाळल्यात तर माझी हरकत नाही. मीही चाळते.

ॲनाशी याचा संबंध काय, हा तुमचा खरा प्रश्न. टॉलस्टॉयनं 1878 साली रचिन्स्की या आपल्या परिचिताला पत्र लिहिलं. या कादंबरीच्या बांधणीचा मला अभिमान आहे, कमानी अशा जुळवल्यात की मधला दगड कुठं बसलाय ते दिसू नये, अशा अर्थाचं त्यानं त्यात म्हटलंय. हे सांधे कथानकात किंवा पात्रांच्या ओळखीपाळखीत शोधू नका, असंही त्यानं सुचवलंय. हा मोठेपणाचा आव आहे की खरं, ते तुमच्याच तिसऱ्या भागात तपासा. बारावं प्रकरण: लेविन गवताच्या गंजीवर रात्र काढतो, पहाटे रस्त्यानं जाणाऱ्या बग्गीत त्याला किटी दिसते, जिच्यावर त्याचं प्रेम आहे ती, आणि त्याचे रात्रभराचे सगळे बेत एका क्षणात कोलमडतात. तेरावं प्रकरण: ॲनाचा नवरा कॅरेनिन गाडीत बसलाय, बायकोनं नुकतीच दुसऱ्यावरच्या प्रेमाची कबुली दिलीय आणि तो द्वंद्वयुद्ध, घटस्फोट, विभक्त राहणं असे एकेक पर्याय काढून त्यांवर शेरे मारत चाललाय. पर्यायांत स्वतःची नोकरी, अब्रू, सोय सगळं येतं. आधीचं प्रकरण गाळलंत तर कॅरेनिन तुम्हाला फक्त 'शांत डोक्याचा, समजूतदार माणूस' वाटेल. नेमकं तसंच तुम्हाला वाटतंय.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते.

राग येतोय म्हणजे वाचन चुकतंय असं अजिबात नाही. ॲनाचा राग न आलेला वाचक माझ्या पाहण्यात नाही. फक्त एक हिशोब तपासा. पहिल्या भागात स्तिवा तुम्हाला कसा वाटला? तोच, ॲनाचा भाऊ. पोरांना शिकवायला घरात येणाऱ्या बाईशी त्याचं लफडं उघडकीला आलंय. बायको पाच मुलांची आई, तिनं खोलीबाहेर यायचं बंद केलंय, आणि हा गृहस्थ अभ्यासिकेतल्या कोचावर मेजवानीची स्वप्नं बघून हसत उठतो. आमच्या गटात स्तिवा सगळ्यांना आवडतो. मला पण आवडतो, खोटं का बोला! दिलदार, हसतमुख, खायला-खिलवायला पुढं. त्याच्या संसारात समेट घडवायला कोण येतं? ॲना. दोन-चार दिवसांत त्याची बायको डॉली त्याला पदरात घेते आणि पुस्तक पुढं जातं. मग बहिणीचं पाऊल घसरतं, आणि तेच सगळे वाचक एकदम न्यायाधीश होतात. गटात हे मी पहिल्या बैठकीला मुद्दाम काढत नाही. चौथ्या भागापर्यंत वाट बघते आणि मग आधीच्या नोंदी वाचून दाखवते. पुरुष मंडळी जरा गप्प होतात. बायका होत नाहीत, त्यांना हे आधीच कळलेलं असतं. तरी ॲनावर चिडण्यात त्याच पुढं असतात, हेही सांगून ठेवते.

म्हणून माझी एक सवय तुम्हाला सुचवते. वहीत प्रत्येक भाग संपला की दोन ओळी लिहा: आज कुणाचा राग आला, आज कुणाची बाजू पटली. गोष्टीचा सारांश लिहू नका, तो कुठंही मिळतो. तुमचं मत किती वेळा कूस बदलतं ते त्या ओळींतून दिसेल. ही कादंबरी तुम्हाला निकाल द्यायला लावते, आणि दिलात की पलीकडच्या माणसाच्या घरात नेऊन बसवते.

कॅरेनिनचंच घ्या. पहिल्या भागात स्टेशनवर उतरल्या उतरल्या ॲनाला त्याचे कान खुपतात, आणि तुम्हालाही तो माणूस नकोसा होतो. तिसऱ्या भागात तुम्हाला त्याची कीव येतेय. चौथ्या भागात, ॲना बाळंतपणात मरणाच्या दारात असताना, हाच कोरडा माणूस तिला मनापासून माफ करतो, तिच्या प्रियकराला, व्रॉन्स्कीलाही करतो, आणि त्या परक्या पोरीला मांडीवर घेऊन बघत बसतो. तिथं तुम्ही पूर्णपणे त्याचे व्हाल. पाचव्या भागात मात्र तोच एका भक्तिणीच्या सल्ल्यानं मुलाला 'तुझी आई मेली' असं सांगू देतो. आता लिहा वहीत, कुणाची बाजू!

त्याच पाचव्या भागात मुलाच्या वाढदिवसाला ॲना चोरून त्याच्या खोलीत शिरते. आदल्या दिवशी तिनं दुकानात उभं राहून प्रेमानं खेळणी निवडलेली असतात. भेट जेमतेम काही मिनिटांची, नवऱ्याची चाहूल लागते, ती पळते. घरी आल्यावर बघते तर खेळण्यांचं पुडकं हातातच, सोडायलाही वेळ मिळाला नाही. हे वाचल्यावर 'पोरगं लहान, आणि ही असं वागते' हे तुमचं वाक्य परत वाचा. ते खोटं ठरत नाही. फक्त पुरं पडत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा पलटा सहाव्या भागात आहे, आणि तो डॉलीच्या वाट्याला येतो. डॉली म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत असणारी बाई. पोरं, आजारपणं, घरखर्च, नवऱ्याची उधळपट्टी. ती खेड्यावरून गाडी करून ॲनाला भेटायला निघते. वाटेत पहिल्यांदाच तिला एकटीनं विचार करायला सवड मिळते आणि मनात येतं, सगळे ॲनाला नावं ठेवतात, ती कशाबद्दल? मी काय मिळवलं असं? चक्क स्वतःचं एखादं प्रेमप्रकरण रंगवून बघते आणि हसते. तिथं पोचल्यावर सगळा थाट: इंग्लिश पद्धतीचं घर, नवं हॉस्पिटल, कपडे असे की ॲनाच्या मोलकरणीपुढं स्वतःचं ठिगळाचं जाकीट काढायला डॉलीला लाज वाटते. आणि तरी दुसऱ्या दिवशी ती घाईनं परत निघते. परतीच्या वाटेवर तिचा गाडीवान काय म्हणतो? श्रीमंत आहेत खरे, पण घोड्यांना ओट फक्त तीन मापं घातले, कोंबडं आरवायच्या आत घोड्यांनी चाटून पुसून खाल्ले. बस्स. ॲनाच्या त्या घराबद्दल डॉलीला जे बोलता येत नव्हतं ते एका वैरणीच्या हिशोबात आलं. पाहुण्याच्या बैलाला पोटभर वैरण मिळाली का, यावरून घराची पारख करणारी माणसं आपल्याकडं अजून आहेत. त्यांना हे प्रकरण समजावून द्यावं लागत नाही.

लेविन आणि ॲना सबंध पुस्तकात एकदाच भेटतात, सातव्या भागात. तोवर लेविनचं मत तुमच्यासारखंच ठाम असतं. भेटीआधी तो तिचं चित्र बघतो, मग तिला बघतो, तासभर बोलतो आणि बाहेर पडतो तो तिच्याबद्दल कणव घेऊनच. घरी बाळंतपण जवळ आलेली किटी त्याचा चेहरा बघते आणि रडते. किटीचंही चूक नाही. लेविनच्या प्रकरणांतून चालत आलात तरच ही भेट लागते. थेट इथं उडी मारलीत तर दोन ओळखीची माणसं चहाला भेटली, एवढंच हाती येईल.

त्यानंतर सातव्या भागात ॲना खरंच सहन होत नाही. संशय, चिडचिड, झोपेसाठी अफूचं औषध, व्रॉन्स्कीशी तेच ते भांडण. तिथं पुन्हा राग येईल, येऊ द्या. फक्त तेव्हा बाजूला कोण उभं आहे तेही बघा. पाचव्या भागाच्या शेवटी नाटकगृहात शेजारच्या बॉक्समधली बाई 'हिच्याशेजारी बसणं म्हणजे बेअब्रू' म्हणून उठून जाते. त्या नाटकगृहात निम्म्या लोकांची प्रकरणं चालूच आहेत. ॲनाचा गुन्हा एवढाच की तिनं लपवलं नाही.

निवडणुकीच्या प्रकरणांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सहाव्या भागात ती येतील आणि तुम्ही पुन्हा मला शिव्या द्याल, म्हणून आधीच सांगते. समीक्षक मंडळी ती कंटाळवाणी मानतात. कोल्हापूरच्या माणसानं तरी मानू नयेत! सरदारांच्या प्रमुखाची निवडणूक आहे, मतदान गोळ्या टाकून. एका गटाची दोन मतं समोरच्यांनी दारू पाजून आडवी केलीत, तिसऱ्याचा गणवेशच पळवलाय, म्हणजे तो सभागृहात येऊ शकणार नाही. मग धावपळ करून एकाला गणवेश पोचवतात, दुसऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतून त्याला उभा करून आणतात. लेविनला गोळी उजवीकडं टाकायची की डावीकडं तेच कळत नाही आणि तो भर सभेत मोठ्यानं विचारतो. साखर कारखान्याची निवडणूक आणि दूध संघाच्या ठरावधारकांची पळवापळवी बघत मोठा झालेला माणूस हे वाचून पोट धरून हसला नाही तर नवल. व्रॉन्स्कीला मात्र त्या खेळाची चटक लागते आणि घरी ॲना वाट बघत असते, हे हसता हसता नजरेतून सोडू नका.

नावांचं फार मनावर घेऊ नका. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रशियन पद्धत आपल्याला नवी नाही. आदरानं बोलताना ते पहिली दोन नावं घेतात एवढंच: स्तेपान अर्काद्येविच म्हणजे आपला स्तिवा, दार्या अलेक्सांद्रोव्ना म्हणजे डॉली, कोन्स्तांतिन द्मित्रिच म्हणजे लेविन. बायकांच्या आडनावाला शेवटी 'आ' लागतो, म्हणून नवरा कॅरेनिन आणि बायको कॅरेनिना. नवरा आणि प्रियकर दोघांचंही नाव अलेक्सेय आहे, तिथं जरा सावध राहा. पहिल्या पानावर पेन्सिलीनं दहा-बारा नावं लिहून ठेवा, काम भागतं.

शेवट ठाऊक आहे म्हणता? टॉलस्टॉयनंही तो कुठं लपवलाय. ॲना पहिल्यांदा पुस्तकात येते ती पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात, मॉस्कोच्या स्टेशनवर, आणि त्याच वेळी तिथं एक रेल्वे कर्मचारी गाडीखाली सापडतो. ॲना स्वतः त्याला अपशकुन म्हणते. मूळ घटनाही खरी आहे. जानेवारी 1872 मध्ये टॉलस्टॉयच्या गावाजवळच्या यासेन्की स्टेशनात ॲना पिरोगोवा नावाच्या बाईनं मालगाडीखाली जीव दिला आणि शवविच्छेदनाच्या वेळी तो तिथं हजर होता. लिहायला सुरुवात केली ती 1873 च्या मार्चमध्ये. म्हणजे शेवट त्याच्या डोळ्यांसमोर आधी होता. पुस्तक त्या स्टेशनापर्यंत ती बाई कुठल्या कुठल्या दारांवरून आली ते सांगतं.

शिवाय तुम्हाला ठाऊक आहे तो शेवट सातव्या भागाचा. त्यानंतर आठवा भाग आहे, एकोणीस प्रकरणांचा. 1875 ते 1877 या काळात कादंबरी एका रशियन मासिकात क्रमशः येत होती. आठव्या भागात सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या स्वयंसेवकांवर टॉलस्टॉयनं कोरडे ओढलेले, ते संपादकाला रुचले नाहीत. त्यानं भाग छापायला नकार दिला आणि पुढं काय होतं ते टिपणात गुंडाळलं. टॉलस्टॉयनं मग तो भाग वेगळा छापून काढला. तेव्हा तिकडं थांबू नका. लेविनची शेती, पोर, देवाबद्दलचं त्याचं भांडण, सगळं तिथं येऊन मिळतं.

इंग्रजी प्रत कुठली वापरताय ते लिहिलं नाहीत. कॉन्स्टन्स गार्नेटचा 1901 चा अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतो, पण भाषा जुनी. लुईझ आणि एल्मर मॉड यांचा 1918 चा मला जास्त मोकळा वाटतो. पिव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचा 2000 सालचा मूळाला चिकटून जातो, त्यामुळं काही ठिकाणी खडबडीत लागतो. फौंड्रीतून दमून येऊन रात्री वाचणार असाल तर मॉड घ्या. प्रकरणं लहान आहेत, एकूण 239. रोज दोन वाचलीत तरी चार महिन्यांत संपतं. सुट्टीच्या दिवशी पन्नास पानं आणि मग आठवडाभर काही नाही असं करू नका, माणसं डोक्यातून उतरतात.

सध्या मागं वळा आणि तिसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणापासून परत सुरू करा. तितच्या धारेबद्दल वडिलांचं मत काय पडतं ते मला जरूर कळवा, आमच्या काकांना सांगायचंय.